समुद्रतळाच्या कुरणांचा नकाशा

विहिरीची खोली अजमावण्यासाठीं तींत खडा टाकावयाचा आणि ‘डुबुक’ असा आवाज ऐकूं येईपर्यंत अंक मोजावयाचे, हा खेळ आमच्या विद्यार्थिमित्रांपैकीं पुष्कळांनीं खेळला असेल. डोंगरासमोर उभें राहून मारलेली हाक परत आलेलीहि त्यांनीं ऐकली असेल. ह्याच दोन साध्या अनुभवांच्या आधारें, जेथें डोळ्यांचें कांहीं चालत नाहीं अशा समुद्रतळाचा नकाशा कसा काढितात, तें ह्या लेखांत थोडक्यांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम, ज्याचा नकाशा काढावयाचा तें काय आहे तें पाहूं. समुद्राच्या उथळ तळावर गवताचीं विस्तीर्ण कुरणें असतात. हें गवत म्हणजे शेवाळ नव्हे. शेवाळास खरीं मुळें नसतात व फुलेंहि येत नाहींत. ह्या गवतास मुळें, पानें, फुलें व बीजें हीं सर्व असतात. भूमध्यसमुद्रांतील पोसिडोनिया ही त्याची एक प्रख्यात जात होय. तिचीं फितीसारखीं पानें सुमारें १ मीटरपर्यंत वाढतात, व पाणी निर्मळ असेल तेथें ती सुमारें ४० मीटर खोलीपर्यंत आढळते. तिच्या आडोशास माशांचीं पिलें वाढतात. तिच्या मुळांनीं वाळू धरून ठेविली जाते. आणि तिच्याखालीं शतकानुशतकें साचलेल्या मुळ्यांच्या थरांत पुष्कळ कार्बन अडकून राहतो. परंतु तिचें आडवें खोड वर्षास कांहीं सेंटिमीटरच पुढें सरकतें. नौकेचा नांगर तळावरून फरफटत गेला, तर क्षणांत उपटलेली जागा भरून येण्यास कित्येक दशकें लागतात.

अशा कुरणाचें रक्षण करावयाचें तर तें कोठें आहे हें आधीं ठाऊक पाहिजे. उथळ व स्वच्छ पाण्यांतील कुरणें आकाशांतून घेतलेल्या छायाचित्रांत दिसतात. परंतु खोल व गढूळ पाण्यांत प्रकाश लवकरच क्षीण होतो. ध्वनि मात्र तेथें सुखानें प्रवास करितो. १८२६ सालीं जिनीव्हाच्या सरोवरांत कोलादों व स्टुर्म ह्या दोघांनीं पाण्याखालीं घंटा वाजवून ध्वनीचा वेग मोजला. तो सेकंदास सुमारें १४३५ मीटर, म्हणजे हवेंतील वेगाच्या चौपटीहून अधिक भरला. पहिल्या महायुद्धाच्या काळांत फ्रेंच शास्त्रज्ञ लांजव्हँ ह्यांनीं पाणबुड्यांचा शोध घेण्यासाठीं स्फटिकाच्या साहाय्यानें पाण्यांत ध्वनि सोडण्याची युक्ति साधली. ह्याच मार्गानें पुढें जें यंत्र सिद्ध झालें, त्यास ‘सोनार’ म्हणतात. हें नांव इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून पडलें आहे. आपल्या पेठेंतील सोनाराशीं त्याचें नातें नाहीं!

आतां थोडें गणित करूं. समुद्रांत ध्वनीचा वेग सेकंदास सुमारें १५०० मीटर धरावा. नौकेच्या तळाखालून सोडलेला ध्वनि सेकंदाच्या ५० व्या भागांत परत आला, तर जाऊन येऊन ३० मीटर अंतर झालें. म्हणून तळ १५ मीटर खोल आहे. परंतु तळावर गवत असल्यास प्रतिध्वनि दोन येतात. पानांच्या आंत हवेच्या बारीक पोकळ्या असल्यामुळें पानांच्या शेंड्यांवरूनहि ध्वनि परततो. पानें ६० सेंटिमीटर उंच असतील, तर हा पहिला प्रतिध्वनि तळाच्या प्रतिध्वनीपूर्वीं सेकंदाच्या १२५० व्या भागाइतका आधीं येतो. एवढ्याशा अंतरावरून गवत आहे कीं नाहीं, व असल्यास किती उंच आहे, हें यंत्र सांगतें.

दुसऱ्या प्रकारचें यंत्र नौकेमागें दोरानें ओढीत नेतात. तें दोन्ही बाजूंस पंख्याप्रमाणें ध्वनि पसरितें, आणि परतलेल्या प्रतिध्वनींवरून तळाचें चित्र पट्ट्यापट्ट्यानें उमटतें. शेतकरी नांगराचीं तासें जशीं एकमेकांस लागून काढितो, तशी नौका सरळ रेषेंत जाऊन येऊन फिरते. ह्या चित्रांत वाळू, खडक व गवत ह्यांचे पोत निरनिराळे दिसतात. नांगरांनीं पाडलेले ओरखडेहि कित्येकदां स्पष्ट दिसतात.

तथापि यंत्राच्या साक्षीवर आंधळा विश्वास ठेवणें योग्य नव्हे. खडकावरील शेवाळ कधीं गवतासारखें भासतें. पाण्याची उष्णता व क्षार बदलले कीं ध्वनीचा वेगहि बदलतो. म्हणून निवडक ठिकाणीं पाणबुडे उतरवून किंवा कॅमेरा सोडून प्रत्यक्ष पाहणी करितात. पेठेंतील सोनार सोनें कसोटीवर घांसून पाहतो, तशीच ही ह्या सोनाराची कसोटी समजावी.

असा नकाशा हातीं आला कीं त्याचा उपयोग तत्काळ होतो. स्पेनच्या बॅलिआरिक द्वीपसमूहांत २०१८ सालच्या नियमानें पोसिडोनियावर नांगर टाकण्यास बंदी झाली; परंतु खालीं गवत आहे कीं वाळू, हें नावाड्यास कळलें नाहीं तर नियम पाळावा कसा? आपल्या देशांतहि तमिळनाडूनें २०२२ सालीं पाल्कच्या उपसागरांत ४४८ चौरस किलोमीटर क्षेत्र डुगाँगसाठीं राखून ठेविलें. हा शांत प्राणी समुद्रगवतावरच जगतो. गवत गेलें तर त्याचा घास गेला.

कांहीं वर्षांनीं तोच नकाशा पुन्हा काढला, म्हणजे कुरण वाढलें कीं आटलें तेंहि कळतें. डोळ्यांआड असलेल्या वस्तूचा नाश कोणाच्याहि ध्यानांत न येतां होऊं शकतो. म्हणून विद्यार्थिमित्रांनीं एवढें लक्षांत ठेवावें कीं, जें दिसत नाहीं तें लक्षपूर्वक ऐकावें, जें ऐकलें तें पडताळून पाहावें, आणि खरें ठरलें तें जपावें.