संगणकातील सातबारा आणि जुने दप्तर

मुंबई इलाख्यात १९०३ साली अधिकार अभिलेखाचा कायदा झाला, आणि तेव्हापासून खातेदाराची सारी भिस्त गावच्या दप्तरावर राहिली आहे. हे दप्तर आता संगणकात गेले आहे. केंद्र सरकारने २००८ साली भूमी अभिलेखांच्या आधुनिकीकरणाचा कार्यक्रम हाती घेतला. महाराष्ट्रात २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला, आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून पिकाची नोंदही शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवरून करावयाची सोय झाली. चावडीचे हेलपाटे वाचले, ही गोष्ट लहान नव्हे; तिची थट्टा करणारांपैकी आम्ही नाही.

तथापि एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. संगणकाने कोणाचा हक्क नव्याने निर्माण केलेला नाही, की जुना पारखून पाहिलेला नाही. हस्तलिखित सातबाऱ्यावर जे होते ते त्यात उतरवून घेतले, इतकेच. उतरविताना चूक झाली असल्यास तीच आता स्वच्छ छापून, सहीनिशी बाहेर पडते, आणि सोसायटी, बँक, पीकविमा, भूसंपादन या सर्व ठिकाणी तिच्याच आधारे काम चालते. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याच्या कलम १५७ प्रमाणे अधिकार अभिलेखातील नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी समजावयाची असते. अर्थात ती चुकीची आहे हे दाखविण्याचा भार ज्याचे नुकसान झाले त्याच्याच माथी येतो.

प्रथम क्षेत्र पाहावे. जुन्या उताऱ्यात क्षेत्र एकर-गुंठ्यांत असे, हल्ली ते हेक्टर-आरमध्ये असते. एका एकरात ४० गुंठे, आणि एक गुंठा म्हणजे आरापेक्षा किंचित जास्त, सुमारे १.०१ आर. तेव्हा २ एकर २० गुंठे, म्हणजे १०० गुंठे, हे १ हेक्टर १ आर व्हावयास पाहिजेत. आकडे तसेच उचलून २ हेक्टर २० आर लिहिले गेले, तर कागदावरची जमीन ५ एकर १७ गुंठ्यांच्या घरात जाते! असे वाढलेले क्षेत्र पाहून कोणी हर्ष मानू नये. मोजणीच्या दिवशी ते शेजाऱ्याच्या बांधात शोधावे लागते. मूळ क्षेत्र व आकार यांचा ताळा भूमी अभिलेख कार्यालयातील आकारबंदाशी घालावा. खाते सामाईक असल्यास प्रत्येकाच्या नावापुढील क्षेत्राची बेरीज एकूण क्षेत्राशी जुळते की नाही, तेही पाहावे.

नंतर ‘इतर हक्क’ हा रकाना. याकडे कोणी फारसे पाहत नाही, पण भांडणे बहुधा येथूनच उपजतात. विहिरीतील पाळी किंवा वहिवाटीची वाट जुन्या उताऱ्यावर असून नव्यावर उतरली नसेल, तर पुढील पिढीस ती सिद्ध करताना नाकी नऊ येतील. उलट, केव्हाच फिटलेल्या कर्जाचा बोजा तसाच राहिलेला असतो. प्रत्येक नोंदीचा आधार म्हणजे तिचा फेरफार क्रमांक. त्यावरून मूळ फेरफार काढून वाचावा.

लेखनाची चूक आढळल्यास कलम १५५ खाली तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. सोबत जुन्या उताऱ्याची व फेरफाराची नक्कल जोडावी. मात्र मालकीचाच वाद असेल तर तो या कलमाने मिटत नाही, त्यास दिवाणी न्यायालयच पाहिजे.

म्हणूनच जुने कागद रद्दीत घालू नयेत असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. सरकारने जुन्या दप्तरांच्या छायाप्रती संगणकात ठेवविल्या आहेत, हे उत्तम झाले. परंतु छायाप्रत शोधावयाची ती गाव व नंबर यांच्या सूचीवरून. सूचीत नंबर चुकला की कागद असून नसल्यासारखा. एकत्रीकरण योजनेनंतर जेथे सर्व्हे नंबरांऐवजी गट नंबर आले, तेथे आजच्या गट नंबराने त्यापूर्वीचा कागद सापडत नाही. शिवाय पुष्कळ जुने कागद मोडीत आहेत, आणि छायाप्रत घेतल्याने मोडी वाचता येऊ लागत नाही. त्यासाठी जाणकार गाठावा लागतो.

घरी जुना उतारा नसल्यास तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षाकडे नकलेचा अर्ज करावा. अर्जात गाव, जुना सर्व्हे नंबर, फेरफार क्रमांक आणि अदमासे साल लिहिले असता शोध लवकर लागतो.