फर्मवेअर बदलताना लाईट गेली तर?

प्रश्न : राउटर जुना आहे. फर्मवेअर अपडेट करू का? मध्येच लाईट गेली तर? – एक वाचक, सक्करदरा, नागपूर

उत्तर : करा. २०१८मध्ये ‘व्हीपीएनफिल्टर’ या मालवेअरने जगभरातले किमान पाच लाख राउटर आणि तत्सम उपकरणं पोखरली, तीही बहुतेक जुन्याच त्रुटींमधून. आधी राउटर उलटा करून लेबल पाहा. मॉडेलशेजारी ‘व्ही २’, ‘व्ही ३’ असं छापलेलं असेल, तर फाइल नेमकी त्याच आवृत्तीची हवी आणि उत्पादकाच्याच साइटवरची. वायफाय नको, लॅनची वायर लावा. लाईटची भीती रास्तच. अर्ध्यात वीज गेली तर राउटर कायमचा निकामी होऊ शकतो. इन्व्हर्टरवर घ्या, वादळी संध्याकाळ टाळा. डबा फायबर कंपनीचा असेल, तर स्वतः हात लावू नका. फर्मवेअर बहुधा कंपनीवालेच दुरून बदलतात. पासवर्ड अजून ‘अ‍ॅडमिन’च असेल, तर तो मात्र आजच बदला.