बाराव्या मजल्यावरचा मोती

सातारा

चि. सौ. शुभदा हिस,


तुझे पत्र पावले. ठाण्यातील बाराव्या मजल्यावरच्या बिऱ्हाडी, ऐन आषाढात, अवघ्या दोन महिन्यांचे पिल्लू आणून तू जो संसार वाढविला आहेस, त्याविषयी तुझ्या सासूबाईंनी काढलेले उद्गार वाचून हसू आले. तथापि त्यांची तक्रार बेबुनियाद आहे असे मात्र मला म्हणवत नाही. दत्तमहाराजांच्या तसबिरीतील चार श्वानांना जी माउली नित्य हात जोडते, तिने दिवाणखान्यातील सतरंजीवर पाचव्याने केलेला अभिषेकही तितक्याच भक्तिभावाने गोड मानून घ्यावा, ही अपेक्षा रास्त नव्हे. तेव्हा मोतीच्या देहधर्माची तजवीज घरातच एका ट्रेमध्ये करावी, हा तुझा बेत मला सर्वथा पसंत आहे. तो साधारण १६ आठवड्यांचा होईपर्यंत त्याच्या लसी पुऱ्या व्हायच्या नाहीत, आणि तोवर इतर कुत्र्यांचा वावर असलेल्या रस्त्यावर त्याला उतरविणे म्हणजे पार्व्होसारख्या घातक रोगाला आमंत्रण देणे होय. शिवाय एवढ्या लहान पिल्लाला लघवी आवरण्याची ताकद जागेपणी तास-दोन तासांपलीकडे नसते, आणि ऐन वेळी तुमची लिफ्ट वर येईलच, अशी हमी तुमच्या सोसायटीचे चिटणीसही देणार नाहीत.

स्वच्छतेची बुद्धी त्याला उपजतच आहे. डोळे उघडून पाय फुटले, म्हणजे सुमारे तीन आठवड्यांचे वय झाले, की पिल्लू आईच्या बिछान्यापासून चार पावले दूर जाऊनच विधी उरकू लागते. आणि आठव्या-नवव्या आठवड्याच्या सुमारास ठराविक जागा व पायांखालचा ठराविक पोत त्याच्या अंगवळणी पडत जातो. म्हणजे मोती आज नेमका त्या वयात आहे. जागा कोणती, एवढेच तुला मुक्रर करावयाचे आहे, आणि ती एकदा मुक्रर केल्यावर पाहुणे आले म्हणून हलवायची नाही.

ती जागा त्याच्या अन्नापासून व बिछान्यापासून लांब, परंतु त्याला धावत गाठता येईल अशी असावी. तुमच्या स्वयंपाकघरामागची कोरडी बाल्कनी मला त्यास योग्य वाटते. ट्रे त्याला आत उभा राहून पूर्ण गिरकी घेता येईल एवढा मोठा आणि पुढची कड सहज ओलांडता येईल इतकी बुटकी असलेला घ्यावा. त्यात कागदाच्या लगद्याच्या किंवा लाकडाच्या भुशाच्या गोळ्या घालाव्यात. मांजरांसाठी मिळणारी, ओल लागताच घट्ट गोळा होणारी बेंटोनाइट माती मात्र घरात आणू नये, कारण पिल्ले दिसेल ते खातात आणि ती माती आतड्यात फुगून मार्ग बंद होऊ शकतो. वर्तमानपत्र स्वस्त खरे. परंतु त्यावर सवय लागलेला कुत्रा जुना अंक आणि तुझ्या सासऱ्यांनी अर्धा वाचून आरामखुर्चीखाली ठेवलेला अग्रलेख यांत भेद करीत नाही. त्याच कारणास्तव न्हाणीघरापुढची पायपुसणी तूर्त उचलून ठेव.

आता वेळापत्रक. जेवण दिवसभर वाटीत पडू देऊ नये. ठरलेल्या वेळी घालावे व उरलेले उचलावे, म्हणजे पोटाचीही वेळ ठरते. झोपेतून उठल्याबरोबर, खाल्ल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी आणि खेळून झाल्यावर त्याला पट्टा लावून ट्रेवर न्यावे, एकच ठरलेला शब्द एकदाच उच्चारावा आणि गप्प उभे राहावे. मधल्या काळात त्याच्याकडे नीट लक्ष असू दे: तोंडातला चेंडू अर्ध्यात टाकून तो नाक जमिनीला लावतो, दोन-तीन वेळा एकाच ठिकाणी फिरतो, मागचे पाय किंचित जवळ घेतो, हे दिसताच हातातले काम टाकून त्याला उचलावे. कार्य सिद्धीस गेले की बक्षीस तिथल्या तिथे, ट्रेशेजारीच द्यावे. थॉर्नडाइक नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९११ साली ग्रंथात मांडलेला सिद्धांत असा, की ज्या कृतीच्या पाठोपाठ सुख मिळते ती कृती प्राणी पुन्हा करतो. यात ‘पाठोपाठ’ला महत्त्व आहे, स्वयंपाकघरात जाऊन डबा उघडून आणलेला खाऊ मोतीच्या हिशेबी डबा उघडल्याबद्दलचा ठरेल.

शेजारच्या गृहस्थांनी, चूक झाल्यास त्याचे नाक त्या ओल्यात घासावे, असा जो सल्ला दिला आहे, तो कृपा करून अमलात आणू नकोस. त्या शिक्षेने मोती एवढेच शिकेल की माणसांदेखत लघवी करणे धोक्याचे असते. मग तो सोफ्यामागे लपून करील आणि तू ट्रेपाशी पट्टा धरून उभी राहिलीस तर मुळीच करणार नाही. ‘त्याला आपला गुन्हा कळतो, पाहा कशी मान खाली घालतो,’ असे म्हणणारे भेटतात. परंतु अलेक्झांड्रा होरोविट्झ या विदुषीने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे आढळले की तो अपराधी चेहरा कुत्र्याने चूक केली की नाही यावर अवलंबून नसून मालक रागावला की नाही यावर असतो. निरपराध कुत्रीही बोलणी खाताना तशीच दिसली. तेव्हा कबुलीजबाब घेण्याच्या भानगडीत न पडता पुसून टाकावे. फिनेल वापरू नये. ते त्याच्या पंजांना लागून चाटण्यात येते. अमोनिया असलेली द्रव्येही टाळावीत, कारण तो वास त्याला लघवीचाच वाटून तो पुन्हा तेथेच येतो. वासाचा मूळ अंश खाऊन टाकणारी एन्झाइमयुक्त द्रव्ये मिळतात, ती आणावीत. ट्रेतली विष्ठा तत्काळ काढावी. गोळ्या बदलताना मात्र आधीच्या मूठभर ठेवाव्यात, म्हणजे जागेची खूण राहील.

घरातील सर्व खोल्यांचा परवाना त्याला आजच देऊ नये; एका खोलीत चूक होईनाशी झाली की दुसरी उघडावी. पाहुण्यांना पाहून हर्षाने किंवा भीतीने दोन थेंब सांडले तर तो बेशिस्तीचा भाग नव्हे, वयाबरोबर बहुधा जातो. नीट शिकलेला कुत्रा एकाएकी जागोजागी करू लागला, तर त्याला न रागावता पशुवैद्याकडे न्यावे. मूत्रमार्गाचा विकार असू शकतो.

आणि हा ट्रे फिरण्याला पर्याय समजू नकोस. पशुवैद्यांनी मोकळीक दिली की रोज त्याला खाली नेत जा. माती, माणसे, इतर कुत्री ही त्याची शाळा आहे. फक्त पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून नको. उंदीर-घुशींच्या मुतामुळे त्यात लेप्टोचे, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या रोगाचे, जंतू असू शकतात, आणि तो रोग कुत्र्याच्या लघवीतून माणसालाही होतो. म्हणून ट्रे साफ करणाऱ्याने, विशेषतः हाताला चीर-जखम असल्यास, हातमोजे घालावेत व साबणाने हात धुवावेत. लेप्टोची लस त्याच्या यादीत आहे किंवा नाही, ते पशुवैद्यांना विचारून उलट टपाली कळव.

तुझा,
मामा