‘उद्या या’ची किंमत

अंधेरी, बोरिवली व कुर्ला हे मुंबई उपनगर जिल्ह्याचे तीन तालुके. तेथील एखाद्या मजुरास मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला हवा असतो. कचेरीत ‘उद्या या’ असे उत्तर मिळताच त्याचा एक रोज बुडतो. टाळलेले काम उद्याच्या कामावर चढते व सहकाऱ्यांवरही भार पडतो. लाच निंद्य ठरते, दिरंगाई मात्र अंगवळणी पडते. बदल्या व विलंब यांविषयीच्या महाराष्ट्राच्या २००५ च्या अधिनियमानुसार शासकीय कर्मचाऱ्याजवळ नस्ती सामान्यतः ७ कामकाजाच्या दिवसांहून अधिक काळ राहता कामा नये. हेतुपुरस्सर विलंब शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरतो. शाळा सोडल्याच्या दाखल्यासही शिक्षकांनी हीच कसोटी लावावी.

चर्चेसाठी: आपल्या टेबलावरील सर्वांत जुना कागद कोणता? त्यावाचून कोणाचे मूल अडले आहे?