सायकल, वारा आणि पप्पांचा प्रश्न

पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे हे तिन्ही प्रकार एकामागोमाग, मध्ये विश्रांती न घेता पूर्ण करायचे, याला ट्रायथलॉन म्हणतात. यातला सर्वांत प्रसिद्ध प्रकार म्हणजे आयर्नमॅन. १९७८ साली हवाई बेटांवर पहिली शर्यत झाली, तेव्हा १५ जण उतरले आणि १२ जणांनी ती पूर्ण केली. ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि वर ४२.२ किलोमीटरची मॅरेथॉन! याच्या बरोब्बर निम्मी शर्यत ऑक्टोबर २०१९ मध्ये पहिल्यांदा गोव्यात झाली. त्यात १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे असते. माझी तयारी या निम्म्या अंतराची चालू आहे.

मित्रांनो, या तिन्हींत सर्वांत जास्त वेळ सायकलवर जातो आणि खिसाही तिथेच रिकामा होतो. पोहायला चड्डी आणि गॉगल, धावायला बूट. सायकलचं मात्र तसं नाही. दुकानात गेलं की कार्बनची फ्रेम, कार्बनची चाकं, "ही दोन किलोने हलकी आहे बघा," असं सुरू होतं. मी घरी विषय काढला तेव्हा पप्पांनी एकच प्रश्न विचारला, "लाख रुपये? तिला सोन्याची चेन आहे का? आणि दोन किलो कमी झाल्याने तुझा नेमका फायदा काय?" प्रश्न रास्त होता. इंजिनिअरिंगला असून उत्तर देता येत नसेल तर मेकॅनिक्सचा पेपर तरी कशाला द्यायचा? म्हणून गणित मांडलं.

शक्ती कुठे खर्च होते?

सपाट रस्त्यावर सायकलस्वार दोन गोष्टींशी झगडतो : हवेचा विरोध आणि टायरचा रस्त्याशी होणारा विरोध. टायरसाठी लागणारी शक्ती वेगाच्या प्रमाणात वाढते. हवेसाठी लागणारी शक्ती मात्र वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. सगळी गंमत इथेच आहे.

सायकल आणि स्वार मिळून ८० किलो धरू. नगर समुद्रसपाटीपासून साधारण ६५० मीटर उंच आहे, म्हणून हवेची घनता १.१ धरू. ताठ बसलेल्या माणसाचं "हवेला दिसणारं" क्षेत्रफळ (आकाराचा गुणांक धरून) ०.४० चौरस मीटर. वारा पडलेला आहे असं समजू.

ताशी २० किलोमीटरला हवेसाठी सुमारे ३८ वॅट आणि टायरसाठी २२ वॅट, म्हणजे एकूण ६० वॅट लागतात. ताशी ३० किलोमीटरला हवेसाठी १२७ आणि टायरसाठी ३३, एकूण १६० वॅट. वेग दीडपट, पण मेहनत अडीचपटीच्याही पुढे! आणि त्यातली जवळजवळ ८० टक्के नुसती हवा बाजूला सारण्यात जाते.

आता समजा मी सतत १५० वॅट देऊ शकतो. ताठ बसून ९० किलोमीटरला मला सुमारे १८४ मिनिटं लागतील. कोपरं वाकवून, पाठ आडवी करून ते क्षेत्रफळ ०.३० वर आणलं तर सुमारे १६९ मिनिटं. १५ मिनिटं वाचली! आणि सायकल दोन किलोने हलकी केली तर? सपाट रस्त्यावर अर्धं मिनिटसुद्धा वाचत नाही. पाथर्डी रोडच्या करंजी घाटासारख्या चढावर वजन थोडं जाणवतं, पण तिथेही दहा मिनिटांच्या चढाला जेमतेम १५ सेकंद. पप्पांना हा कागद दाखवला. लाखाची गोष्ट तिथेच संपली.

आठ सेकंदांचा इतिहास

हे नुसतं कागदावरचं नाही. १९८९ च्या टूर द फ्रान्समध्ये शेवटच्या दिवशी व्हर्साय ते पॅरिस २४.५ किलोमीटरची एकेकट्याची शर्यत होती. अमेरिकेचा ग्रेग लेमाँड हा फ्रान्सच्या लोराँ फिन्योंच्या ५० सेकंद मागे होता. लेमाँडने ट्रायथलॉनवाले वापरायचे तसं पुढे आलेलं हँडल लावलं, ज्यावर कोपरं टेकवून हात जवळ घेता येतात. डोक्याला निमुळतं हेल्मेट होतं. फिन्यों नेहमीच्या हँडलवर, उघड्या डोक्याने आला. लेमाँडने ५८ सेकंद भरून काढले आणि तीन आठवड्यांची शर्यत फक्त ८ सेकंदांनी जिंकली. यशाचं कारण एकच नसतं, पण त्यानंतर त्या हँडलकडे बघून कोणी हसलं नाही.

न थांबणे हाही वेगच

आपल्या शेजारच्या नाशिककडे बघा. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली दोघांच्या टीमने रेस अॅक्रॉस अमेरिका नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. पश्चिम किनाऱ्यावरच्या ओशनसाइडपासून पूर्व किनाऱ्यावरच्या अॅनापोलिसपर्यंत सुमारे ४,९०० किलोमीटर. लष्करातले डॉक्टर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ यांना २०१६ मध्ये ही शर्यत अर्धवट सोडावी लागली होती. २०१७ मध्ये ते पुन्हा गेले आणि एकट्याने ती मुदतीत पूर्ण करणारे पहिले भारतीय ठरले. वेळ ११ दिवस १८ तास ४५ मिनिटं. त्याच वर्षी नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनीही ती एकट्याने पूर्ण केली.

आता भागाकार करा. गोकुलनाथांचा सरासरी वेग झोप, जेवण सगळं धरून ताशी १७ किलोमीटरच्या आसपास येतो. एवढ्या वेगाने तर आपला दूधवालाही जातो! फरक एवढाच की ते जवळजवळ बारा दिवस चालवत राहिले.

माझाही छोटा अनुभव सांगतो. गेल्या डिसेंबरात मी २०० किलोमीटरची ब्रेव्हे केली. तिची मुदत साडेतेरा तास असते. मला ११ तास २० मिनिटं लागली, त्यातले तीन तास चहा, मिसळ, पंक्चर आणि गप्पा. चालवतानाचा वेग ताशी २४ होता. थांबणं निम्मं केलं तर दीड तास वाचतो. तोच दीड तास पायडल मारून वाचवायचा तर वेग २९ च्या वर न्यावा लागेल, म्हणजे ९१ ऐवजी १५० वॅट! कोणतं सोपं, तुम्हीच ठरवा.

मग पैसे कुठे घालायचे?

माझा क्रम असा आहे :

१. सीटची उंची. टाच पायडलवर ठेवून पायडल खाली नेल्यावर पाय सरळ व्हायला हवा. खर्च शून्य, गुडघे शाबूत.

२. गिअर. पुढे ३४ आणि मागे ३२ दाते असतील तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सव्वादोन मीटर जाते आणि संगमनेरजवळचा चंदनापुरी घाट बसून चढता येतो. साध्या सायकलला ४४ आणि १८ दाते असले तर एका फेऱ्यात पाच मीटर. घाटात ते गुडघ्यांवर येतं.

३. टायर. आपल्या रस्त्यांवर २८ मिलिमीटरचा टायर थोड्या कमी हवेत चालवला तर हादरे कमी बसतात आणि वेगही जात नाही. येड्या बाभळीचे काटे मात्र कोणाला सोडत नाहीत. दोन ट्यूब आणि पंप जवळ हवाच.

४. खाणं. १५० वॅटने तासाला साडेपाचशेच्या आसपास कॅलरी जळतात. दर तासाला दोन केळी किंवा चिक्की आणि मीठ-साखर-लिंबाचं पाणी. भूक लागायची वाट बघू नका.

५. लाइट. खरं तर हा पहिल्या नंबरवर हवा. गळीत हंगामात आपल्या जिल्ह्यातल्या रस्त्यांवर उसाने भरलेले, दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रात्रभर चालतात. कितीतरी ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टरही नसतो. सायकलला पुढे-मागे लाइट, डोक्याला हेल्मेट, अंगावर चमकणारं जॅकेट, आणि शक्यतो उजाडल्यावरच बाहेर पडायचं. वॅट वाचवून काय उपयोग, जर आपणच वाचलो नाही?

कोपर टेकवायचं ते हँडल या सगळ्यानंतर. आणि तेही मोकळ्या रस्त्यावरच, कारण हात ब्रेकपासून लांब असतात.

आपल्या हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये कितीतरी सायकली धूळ खात पडल्या आहेत. फर्स्ट इयरला घेतलेल्या, सेकंड इयरला बाइक आली म्हणून विसरलेल्या. त्यातली एक काढा, चाकात हवा भरा, चेनला ऑइल द्या, ब्रेक घट्ट करा. रविवारी सकाळी वीस किलोमीटर जा, मग चाळीस. वारा समोरून आला तर शिव्या देऊ नका, जरा खाली वाका. तो गरीब-श्रीमंत बघत नाही, फक्त तुमचा आकार बघतो!