दसऱ्याला झेंडू, दिवाळीला भेदरं

वऱ्हाडातल्या माणसाला मिश्रपीक शिकवायची गरज नाही. पऱ्हाटीत तुरीचे तास, मधे मूग-उडीद, धुऱ्यावर अंबाडी, हे वावरात आजोबांच्याही आधीपासून चालत आलेलं. पण तोच माणूस घरामागच्या वाफ्यात नुसती भेदरं लावतो (पुण्याकडच्यांसाठी: टमाटे), आणि फळांना भोकं पडली की औषधाच्या दुकानाकडे निघतो. त्या वाफ्यात झेंडू सोबतीला घ्यायची ही कृती. यातलं निम्मं कसब तारखांचं आहे.

भोकं पाडणारी ती घाटेअळी, हरभऱ्यावर येते तीच. तिच्या पतंगाला अंडी घालायला फुलावर आलेला उंच झेंडू फार आवडतो. मात्र भेदऱ्याला फुलं लागतील तेव्हा झेंडूही फुलावर हवा. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेनं हे गणित बसवलंय: लावणीच्या दिवशी झेंडूचं रोप ४५ दिवसांचं, टमाट्याचं २५ दिवसांचं. फरक २० दिवसांचा. आणि दसरा ते लक्ष्मीपूजन वीसच दिवस, एखादा इकडेतिकडे!

तर दसऱ्याला एका टोपलीत झेंडूचं बी टाका. तोरणातल्या फुलांचं बी भरवशाचं नाही, ती पिकायच्या आधीच तोडलेली असतात. झाडावरच वाळलेल्या फुलाचं बी घ्या, जात उंच वाढणारी हवी. लक्ष्मीपूजनाच्या सुमारास दुसऱ्या टोपलीत भेदऱ्याचं बी टाका.

मधल्या दिवसांत वाफा करून ठेवा. आपली काळी माती ओली झाली की चिखल, वाळली की भेगा, म्हणून सपाट वाफा नकोच. १० फूट लांब, ४ फूट रुंद, जमिनीपासून अर्धा फूट उंच गादीवाफा करा आणि त्यात चांगलं कुजलेलं शेणखत मिसळा. कच्चं शेण टाकाल तर हुमणी येईल.

त्रिपुरी पौर्णिमेनंतर दहाएक दिवसांनी, संध्याकाळच्या वेळी लावणी करा. भेदऱ्याच्या दोन ओळी, झाडाझाडात दोन फूट, म्हणजे दहा झाडं. झेंडू चारही कोपऱ्यांत एकेक. शेतात सोळा ओळींमागे झेंडूची एकच ओळ लावतात, तेव्हा दहा झाडांना चार पुष्कळ झाले. दोन ओळींच्या मधे धने रगडून पेरा. सांभार (म्हणजे कोथिंबीर) खुडून खा, पण पाचसहा झाडं फुलू द्या, त्या बारक्या फुलांवर अळ्या-मावा खाणारे मित्रकीटक येतात. आधाराला तुराट्या रोवा.

यापुढचं काम लोक करत नाहीत, आणि मग म्हणतात झेंडूनं काही होत नाही. झेंडू म्हणजे औषध नव्हे, सापळा आहे. सापळ्यात सापडलेलं उचलावं लागतं. कळ्या धरल्यापासून दर तिसऱ्या दिवशी सकाळी चारही झाडं निरखा. खसखशीहून बारीक पांढुरकी अंडी किंवा कुरतडलेली कळी दिसली की ती तोडून साबणाच्या पाण्यात बुडवा. पोरांना हे काम आवडतं. पंधरा दिवस हयगय केली तर तोच झेंडू अळीचं माहेर होतो.

तरीही भेदऱ्यावर अळी दिसली तर निंबोळी अर्क फवारा. ५० ग्रॅम कुटलेली निंबोळी रात्रभर थोड्या पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यानं गाळा, एकूण एक लिटर करा, त्यात चिमूटभर साबणचुरा घाला. उन्हं उतरल्यावर त्याच दिवशी संपवा.

मुळांवर गाठी धरणाऱ्या सूत्रकृमीवर मात्र चार झेंडूंनी भागत नाही. त्यासाठी अख्खा वाफाच दोन-तीन महिने दाट झेंडूचा ठेवावा लागतो. पत्ताकोबी लावायची असेल तर सोबतीण मोहरी, लावणीच्या पंधरा दिवस आधी कडेनं पेरलेली. आणि भेदऱ्याशेजारी वांगी-मिरची नकोत. तिघंही एकाच कुळातली, एकाचं दुखणं दुसऱ्याला लागतं.

मार्चात ऊन तापू लागलं की झेंडूची चारदोन निरोगी फुलं झाडावरच वाळू द्या आणि कागदाच्या पुडीत बांधून ठेवा. पुढच्या दसऱ्याला बी विकत आणावं लागणार नाही.