गाडीला मशीन मारण्याआधी पिशवीत हात घाला

भाजीवाल्याकडची पातळ प्लास्टिकची पिशवी घ्या, मोज्यासारखी हातात चढवा आणि धुतलेल्या, कोरड्या बोनेटवरून बोटे अलगद फिरवा. काचेवरून फिरल्यासारखे वाटले तर पुढे चला. रवा सांडल्यासारखे खरखरीत लागले तर पॉलिशवर आज एक रुपयाही घालू नका.

पालघर किंवा बोईसर स्टेशनबाहेर सकाळी सहाला लावून रात्री उचलायची गाडी आणि तारापूर एमआयडीसीत गेटबाहेर शिफ्टभर उभी राहणारी गाडी, दोन्हींवर ही खरखर सापडतेच. रेल्वेच्या ब्रेकमधून उडणारी लोखंडाची पूड आणि कटिंग-ग्राइंडिंगचा कीस रंगावरच्या पारदर्शक थरात, म्हणजे क्लिअरकोटमध्ये रुततो आणि पावसाळ्यात गंजतो. पांढऱ्या गाडीवर बारीक नारिंगी ठिपके दिसू लागतात. ‘पत्रा गंजला, डेंटिंग-पेंटिंग लागेल’ असे कुणी सांगितले तर मागचा बंपर बघा. तिथेही तेच ठिपके असतील. बंपर प्लास्टिकचा आहे, प्लास्टिक गंजत नाही. म्हणजे गंज वरून आलेल्या किसाचा आहे. पेंटिंगचे हजारो रुपये वाचले.

हे ठिपके काढायला आयर्न रिमूव्हर मिळतो. अर्ध्या लिटरच्या बाटलीला साधारण ४०० ते ९०० रुपये. गाडी सावलीत, पत्रा थंड. फवारा, तीन ते पाच मिनिटे थांबा, सुकू देऊ नका, भरपूर पाण्याने धुवा. लोखंड असेल तिथून जांभळे ओघळ उतरतात. दाराच्या खालच्या भागात आणि चाकांपाशी सगळ्यात जास्त. वास कुजलेल्या अंड्यासारखा येतो, तेव्हा हातमोजे घाला आणि बंद तळघर-पार्किंगमध्ये हा उद्योग करू नका. उरलेली खरखर क्ले बारने, म्हणजे चिकणमातीसारख्या मऊ वडीने काढा (३०० ते ७०० रुपये). शाम्पूचे पाणी मारत राहा, कोरडा क्ले कधीच घासू नका. जमिनीवर पडलेला क्ले फेकून द्या. जीव तुटतो, पण त्याला चिकटलेली एक कच अख्ख्या दारावर रेघोट्या काढते.

ही पायरी टाळली तर मशीनचा पॅड तोच कीस गाडीभर फिरवतो. ओरखडे घालवायला गेलात आणि नवे घेऊन आलात.

आता ओरखड्यांची परीक्षा. नख आडवे फिरवा. नख अडकले तर तो ओरखडा पॉलिशने जाणार नाही, कुणी काहीही सांगो. कडा बोथट होऊन थोडा कमी दिसेल इतकेच. उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसणारी गोल जाळी मात्र जाते. ती बहुतेक कोरड्या फडक्याने रोज सकाळी धूळ पुसण्यातून आलेली असते. महिन्याच्या बोलीवर गाडी पुसणाऱ्याला आधी पाणी मारायला सांगा. हा उपाय फुकट आहे.

खर्चाचे बोलू. छोट्या गाडीला दुकानात एका टप्प्याचे मशीन पॉलिश साधारण अडीच ते साडेचार हजार. कंपाउंड (म्हणजे कापणारे, कडक पॉलिश) आणि फिनिशिंग असे दोन-तीन टप्पे सहा ते बारा हजार. त्यावर सिरॅमिक कोटिंग घेतले तर बिल बारा हजारांपासून पंचवीस हजारांपर्यंत जाते. एसयूव्हीला त्याहून जास्त धरा. आकडे अंदाजासाठी आहेत. तीन ठिकाणी विचारा आणि भाव लेखी घ्या. फोनवर सांगितलेल्या रकमेत सहसा काय नसते? लोखंडाचे डाग काढणे, टेप लावणे, डांबराचे डाग, ‘मोठ्या गाडीचे’ जादा आणि १८ टक्के जीएसटी. जीएसटी लावला असेल तर बिलावर १५ आकडी-अक्षरी नंबर हवा. महाराष्ट्रातल्या नोंदणीचा नंबर २७ ने सुरू होतो. नंबर नाही, तर तो कर तुम्ही देऊ नका.

सर्व्हिसिंगच्या बिलात ‘एक्स्टिरिअर एन्रिचमेंट’सारखी एक गुळगुळीत ओळ येते, तिच्यावर बोट ठेवा. दर सर्व्हिसिंगला गाडी पॉलिश करायची नसते. क्लिअरकोट जेमतेम ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही पातळ. प्रत्येक कंपाउंड त्यातला थोडा थर खातो आणि तो परत येत नाही. दोन-तीन वर्षांतून एकदा पुरे, मध्ये वॅक्स किंवा सीलंट.

दुकानदाराला दोन गोष्टी करायला सांगा. पहिली, रंगाची जाडी मोजण्याचे यंत्र लावून दाखवा. कंपनीचा मूळ रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो; एखाद्या दारावर आकडा २०० च्या पुढे गेला तर ते दार पुन्हा रंगवलेले आहे, तिथे हात जपून. दुसरी, बोनेटच्या एका वीतभर जागेत करून दाखवा आणि ती जागा आयपीए म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या पाण्याने पुसा. तेलकट ग्लेझ ओरखड्यात भरून वरवर चकचकीत करणे हा या धंद्यातला सर्वांत स्वस्त शॉर्टकट आहे. आयपीएने पुसले की ग्लेझ निघते आणि जाळी परत दिसते. पुसायला जो काचकूच करेल त्याच्याकडून गाडी परत आणा. ‘लाइफटाइम’ कोटिंगची वॉरंटी देत असेल तर कागदावर किती वर्षे, कोणती अट, दर किती महिन्यांनी सशुल्क तपासणी हे वाचा. पैसे त्या तपासणीत जातात.

एक प्रश्न आणखी : मशीन कोणते? सरळ एका जागी फिरणारे रोटरी जलद कापते आणि कडेवर क्षणभर थांबले की रंग जाळते. आमच्या गाडीच्या मागच्या दाराच्या कडेला एका वॉशिंग सेंटरने नेमके हेच केले. नखाएवढी जागा दुधाळ झाली, मग पत्र्याचा प्राइमर दिसला. पॉलिश झाले बाराशेत, दार रंगवायला गेले साडेतीन हजार. बिल नव्हते, म्हणून भांडायलाही काही नव्हते. तुम्ही बिल घ्या, आधीचे फोटो काढून ठेवा. नुकसान झाले आणि दुकानदार हात वर करतो असे दिसले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रार शुल्क नाही. मुदत दोन वर्षे.

ड्युअल ॲक्शन, दुकानात ज्याला डीए म्हणतात, ते फिरते आणि त्याच वेळी डगमगतेही. जास्त दाबले की फिरणे थांबते, म्हणून नवशिक्याच्या हातून रंग जाळणे अवघड. अशक्य नव्हे. घरी स्वतः करायचे असेल तर हेच घ्या.

साध्या डीए मशीनला सहा ते नऊ हजार, मधल्या प्रतीच्या मशीनला बारा ते वीस हजार. नावाजलेली इटालियन यंत्रे पस्तीस हजारांच्या पुढे. स्वतःच्या एका गाडीला शेवटची अजिबात नको. डगमगीचा आकडा १५ मिमी निवडा; २१ मिमीचे सपाट छतावर झपाट्याने चालते, पण छोट्या गाडीच्या वळणांवर अडते. पॅड लावायची मागची थाळी पाच इंची हवी. ऑनलाइन स्वस्त पडते, पण हातात धरून घ्यायचे असेल तर मुंबईत नागदेवी स्ट्रीट ही हत्यारांची जुनी बाजारपेठ आहे. रविवार सोडून जा. विचारायचे ते हे : कार्बन ब्रश आणि थाळी सुटी मिळते का, वॉरंटी कुणाकडे, बिलावर मशीनचा सीरियल नंबर लिहिला का. नंबर नसलेले बिल वॉरंटीला बरेचदा चालत नाही.

मशीनवर पैसे संपवू नका. निकाल पॅडवर ठरतो. कापणारे फोमचे पॅड तीन-चार, फिनिशिंगचे दोन. प्रत्येकी ४०० ते १००० रुपये. कंपाउंड आणि पॉलिशच्या पाव लिटरच्या बाटल्या प्रत्येकी ५०० ते १०००. मायक्रोफायबर फडकी दहा-बारा, मास्किंग टेप, आयपीए. सगळे धरून मशीनखेरीज पाच-सहा हजार. एकच पॅड घेऊन अख्खी गाडी करायला जाणारे निम्म्यावर वैतागतात. तोवर पॅड ओला, गरम आणि चिखल झालेला असतो. सोसायटीतल्या तिघांनी मिळून मशीन घेतले आणि पॅड आपापले ठेवले, तर हिशेब दुकानापेक्षा स्वस्त पडतो. एकट्याने एकदाच करायचे असेल तर सरळ दुकानात जा.

कधी करायचे? नोव्हेंबर ते फेब्रुवारी. सकाळी लवकर सुरुवात, काम सावलीत. तापलेल्या बोनेटवर पॉलिश लगेच सुकते, पांढरी भुकटी उडते आणि फडक्याला निघत नाही. जून ते सप्टेंबर विसरा. पहिल्यांदा करताय तर छोट्या गाडीला दीड दिवस धरा : अर्धा दिवस धुणे, डाग, टेप, एक दिवस मशीन. वीज शंभर रुपयांच्या आत. ९०० वॅटच्या मशीनला घरातला साधा पॉइंट चालतो, पण दीडशे रुपयांची बारीक वायरची एक्स्टेन्शन नको, ती तापते. धुतलेल्या ओल्या फरशीवर मशीन चालवू नका. वायर खांद्यावरून मागे टाका; रंगावर लोळणारी वायरही ओरखडे काढते. पार्किंगच्या सार्वजनिक पॉइंटवरून वीज घेणार असाल तर सेक्रेटरींना आधी विचारा.

काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्या, रबर, लोगो आणि पत्र्याच्या धारदार कडा यांवर टेप लावा. कडेला रंग सगळ्यात पातळ असतो. मग मार्करने थाळीच्या बाजूला एक जाड रेघ मारा. चालू असताना ती फिरताना दिसली पाहिजे. ही रेघ म्हणजे फुकटचा गुरू. रेघ थांबली तर तुम्ही दाबताय किंवा मशीन तिरके धरलेय, आणि नुसते थरथरणारे मशीन काहीच कापत नाही. निम्म्या लोकांचे ‘डीएने काही फरक पडत नाही’ हे गाऱ्हाणे इथेच संपते.

आता एक चौकोन. दोन फूट बाय दोन फूट, त्याहून मोठा नाही. नव्या पॅडवर पहिल्यांदा पॉलिश बोटाने सगळीकडे पसरवा, नंतर दर चौकोनाला वाटाण्याएवढे चार थेंब पुरतात. जास्त ओतले की पॅड घसरतो, काचेवर शिंतोडे जातात आणि बाटली संपते, ज्यात फायदा विकणाऱ्याचा. पॅड पत्र्याला टेकवून मगच बटण दाबा. वेग एक नंबरवर ठेवून पसरवा, मग चार-पाचवर न्या. मशीनचे स्वतःचे वजन अडीच किलोच्या आसपास. त्यावर हाताचा हलका दाब, बस. इस्त्री फिरवता त्याहून संथ चाला, सेकंदाला एक-दोन इंच. आडव्या ओळी, मग उभ्या, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीवर अर्धी चढलेली. अशा चार-सहा फेऱ्या. पॉलिश पांढरे होते, मग पारदर्शक तेलकट दिसू लागते, तिथे थांबा. मशीन बंद होईपर्यंत पॅड पत्र्यावरच ठेवा. मधूनच हाताच्या मागच्या बाजूने पत्रा चाचपा. कोमट चालेल, चटका नको. बंपर प्लास्टिकचा असल्याने उष्णता तिथेच साचते. तिथे वेग एक नंबर कमी आणि फेऱ्याही कमी.

पुसा. आयपीएचे पाणी मारा : एक भाग आयपीए, सहा भाग पाणी. पाणी बोअरचे नको, त्याचे पांढरे डाग पडतात. बॅटरीत घालायचे पाणी वापरा. मोबाइलचा टॉर्च तिरका धरून बघा. जाळी गेली? मग पॅड-पॉलिशचा हाच मेळ पूर्ण गाडीला. नाही गेली? आधी फेऱ्या वाढवा, मग कडक पॅड, सर्वांत शेवटी कडक कंपाउंड. सुरुवात नेहमी मवाळ जोडीने करा. आणि प्रत्येक चौकोनानंतर पॅड ब्रशने झाडा. कंटाळवाणे आहे, पण घरचे काम आणि दुकानचे काम यांतला सगळ्यात मोठा फरक एवढाच आहे.

चिंचणी, नांदगाव, सातपाटी, केळव्याकडे राहणाऱ्यांना एक जादा काम. खारा वारा आणि बोअरचे पाणी मिळून काचेवर आणि छतावर पांढरे गोल डाग बसतात. ताजे असतील तर पॉलिशला हात लावू नका. पांढरे व्हिनेगर आणि पाणी समसमान घेऊन ओल्या फडक्याने मिनिटभर धरा, लगेच धुवा. त्याने गेले नाहीत तरच मशीन. पॉलिश झाल्यावर त्याच दिवशी वॅक्स किंवा सीलंट लावा, उघड्या रंगाने गाडी किनाऱ्यावर उभी करू नका. दर तीन महिन्यांनी नवा हात.

पॅड काम संपल्या संपल्या कोमट साबणाच्या पाण्यात धुवा, पिळू नका, दाबून पाणी काढा, फोम खाली करून सावलीत सुकवा. इथल्या दमट हवेत ओलसर पॅड डब्यात ठेवला तर पंधरा दिवसांत बुरशीचा वास येतो आणि फोम मागच्या वेल्क्रोपासून सुटतो. पूर्ण सुकल्यावर प्रत्येक पॅड वेगळ्या झिपच्या पिशवीत, वर मार्करने ‘कंपाउंड’ किंवा ‘फिनिश’ लिहून. पुढच्या वेळी कंपाउंडचा पॅड फिनिशिंगला लागला तर पुन्हा जाळी दिसेल आणि दोष तुम्ही मशीनला द्याल.